आधी जखमा मोजल्या



मी मागाच्या खडखडाटात वाढलेला माणूस. कापड हातात आलं की हे कोण अंगावर घालणार, हा आमच्या घरातला पहिला प्रश्न. संरक्षक कापडावरच्या या परिषदेत म्हणूनच मला एका डॉक्टरांची आठवण काढायची आहे.

माल्कम ग्रो १९४२ साली इंग्लंडमध्ये अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचे वैद्यकप्रमुख होते. बॉम्बफेकी विमानं जखमी पोरं घेऊन परतायची. ग्रोंनी त्या जखमांचा हिशेब मांडला. सुमारे ७० टक्के जखमा कमी वेगाच्या तुकड्यांच्या निघाल्या. तोफगोळ्यांच्या कपच्या त्यातच आल्या. म्हणजे पातळ चिलखतही पुष्कळ पोरांना वाचवू शकलं असतं!

ग्रोंनी तलवारी घडवणाऱ्या लंडनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीला हाताशी धरलं. मँगनीज पोलादाचे दोन-दोन इंची चौकोन कौलांसारखे एकमेकांवर चढवून कॅनव्हासमध्ये शिवले. हे पोलाद घाव बसेल तसं अधिक कठीण होतं. वजन मात्र जवळपास ८ किलो. पेटत्या विमानातून उडी मारायची वेळ आली, तर बक्कलं कोण सोडत बसणार? म्हणून त्याला एक पट्टी ठेवली होती. ती ओढली की अख्खं चिलखत अंगावरून गळून पडायचं. वैमानिकाच्या आसनाला मागून पोलादाचं संरक्षण होतं, म्हणून त्याच्यासाठी फक्त पुढचा भाग केला. शिवणाऱ्याला घालणारा डोळ्यांपुढे दिसत असला, की असं काम होतं.

पुढे नायलॉन आलं. व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवरच्या जवानांना सिरॅमिकच्या पाट्या मिळाल्या. सिरॅमिकनं गोळी फोडायची, मागच्या काचतंतूंनी तुकडे झेलायचे.

चिलखताच्या चाचणीत ठरावीक आकाराचे तुकडे वेगवेगळ्या वेगानं झाडून निम्मे आरपार जातील तो वेग काढतात, त्याला आपण व्ही-५० म्हणतो. हा आकडा इथे पुष्कळदा ऐकू येईल, यायलाच हवा. त्याच्याशेजारी वजन किती, घाम किती, मान वळते का, हेही सांगा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिलं सत्र धाग्यावर ठेवायचं ठरत होतं. मी आग्रह धरून ते जखमांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दिलं. त्यांनी आता व्यासपीठावर यावं.