घरात कोण खोकतं?

पदवीधर डॉक्टरांनो, आणि मागच्या रांगांत बसलेल्या त्यांच्या आईवडिलांनो,

मी सोनगीरचा. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघालं की किल्ल्याची टेकडी दिसते, ते गाव. आमच्याकडे तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवतात. हंडा वाजवून पाहिला की तो कसा आहे ते कळतं. छातीला स्टेथोस्कोप लावला की आपल्यालाही तसंच कळतं, अशी माझी समजूत होती. एका पोराने ती मिजास उतरवली.

चार वर्षांचा, एचआयव्हीबाधित. आईबाप गेलेले, सांभाळायला आजी. "डॉक्टर, पोऱ्या वाढस नही," एवढंच ती म्हणायची. खोकला नाही, छाती साफ. मी भुकेचं सिरप लिहून दिलं. पुढच्या भेटीला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कार्ड उघडलं तर वजनाच्या रकान्यात एकाखाली एक 11, 11, 11. आणि समोर आजी पदर तोंडाला लावून खोकत होती. ती तर प्रत्येक वेळी खोकत होती! पण केसपेपर तिच्या नावाचा नव्हता ना.

तिच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. मुलं थुंकी टाकत नाहीत, गिळतात. म्हणून पोराच्या उपाशीपोटी नळी घालून जठरातलं पाणी काढलं आणि सीबीनॅट तपासणीला पाठवलं. त्यातही जंतू निघाले. ते निघाले हे नशीब. मुलांत जंतूच थोडे असतात, त्यामुळे तपासणी कोरी आली तरी क्षय असू शकतो. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेली असली की मांटू चाचणीची गाठही उठत नाही. जन्मतः टोचलेल्या बीसीजीवर अशा मुलात विसंबू नका.

उरतात चार साधे प्रश्न : खोकला आहे का, ताप आहे का, वजन वाढतंय का, आणि घरात कुणाला क्षय आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच घाईत राहून जातो. पुण्यात 2002 ते 2005 या काळात एचआयव्ही असलेल्या 715 बाळंतिणींचा पाठपुरावा झाला होता. त्यांतल्या 24 जणींना क्षय झाला, आणि त्यांच्या बाळांच्या मृत्यूचा धोका इतर बाळांच्या तिपटीहून जास्त निघाला. आई खोकते तेव्हा मूल कडेवरच असतं.

एचआयव्हीबाधित मूल वर्षाच्या वरचं असेल आणि चारही उत्तरं 'नाही' आली, तर क्षय होऊ नये म्हणून सहा महिने आयसोनियाझिड, रोज, किलोला 10 मिलीग्राम. एचआयव्हीवरची एआरटी तर हवीच. निरोगी दिसणाऱ्या पोराला गोळी कशाला, असं घरचे विचारतील. उत्तर द्यायला वेळ काढा. आणि हे सगळं हळू आवाजात. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने गुप्तता बंधनकारक केली आहे, पण आमच्या गावात ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेली बाई नात्यातलीच निघते. कायदा तिथपर्यंत तुम्हीच न्यायचा असतो.

त्या पोराचं म्हणाल तर, उपचार सुरू केल्यावर दोन महिन्यांनी आजी घाबरीघुबरी होऊन आली. आधी क्षयाच्या दोन गोळ्या पाण्यात विरघळवून द्यायची, आता नर्सबाईंनी तीन दिल्या होत्या. आजार वाढला, असं तिने धरलं होतं. मी कार्ड तिच्यासमोर फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पोराला काट्यावर उभं केलं आणि काटा 12 च्या पुढे सरकलेला दाखवला. गोळ्या वजनावर ठरतात, हे सांगायला मीच विसरलो होतो.