लोणकढी आणि इतिहास
(वसंत व्याख्यानमालेत नांदेड येथे दिलेले व्याख्यान)



आजचा विषय आहे गंमत म्हणून रचलेला इतिहास. न घडलेल्या लढाया, न झालेल्या तहांची कलमे, राजेरजवाड्यांच्या आणि नटनट्यांच्या बनावट आठवणी, 'तुम्हांला माहीत आहे का' म्हणून सांगितली जाणारी आणि कुणालाच माहीत नसलेली माहिती. पारावर, एसटीच्या स्टँडवर आणि आता मोबाइलवर हा माल रोज तयार होतो. त्यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असे काहींना वाटेल. माझे म्हणणे सरळ आहे: खोट्या इतिहासावर हसायला खरा इतिहास ठाऊक असावा लागतो. ज्या गावाला आपला भूतकाळ माहीत असतो, ते लोणकढी थाप ऐकताच ओळखते आणि पोटभर हसते. ज्याला तो माहीत नसतो, ते गाव तीच थाप गंभीर चेहऱ्याने पुढे पाठवते.

प्रत्यक्षच पाहू. पुढची तीन वाक्ये मी रचलेली आहेत.

पहिले: १७६० साली उदगीरच्या तहाला तीन दिवस उशीर झाला, कारण निजामाचे वकील निलंगा राईसची दुसरी प्लेट आल्याशिवाय उठायला तयार नव्हते.

दुसरे: मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, ती माळेगावच्या यात्रेत गाढवे दिल्लीपेक्षा स्वस्त मिळतात म्हणून.

तिसरे: अमोघवर्ष राजाने मान्यखेटला राजधानी वसवली, कारण लातुरात ट्यूशनच्या पोरांमुळे त्याच्या दरबाऱ्यांना भाड्याने खोली मिळेना.

तुम्ही हसलात, आणि का हसलात ते पाहण्याजोगे आहे. प्रत्येक वाक्यात एक खुंटी खरी आहे. १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला, तुघलकाने राजधानी दख्खनेत आणली, राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट होती, हे सगळे खरे. त्या खुंटीला आपल्या रोजच्या जगण्यातली वस्तू टांगली आहे. दोन काळ जिथे जोडले गेले, तो सांधा मुद्दाम उघडा ठेवला आहे. तो दिसला की हसू येते. पण तो दिसण्यासाठी ऐकणाऱ्याला दोन्ही बाजू ठाऊक हव्यात. निलंगा राईस माहीत नसलेला कोल्हापूरकर पहिल्या वाक्याला मान डोलावेल. उदगीरची लढाई माहीत नसलेला लातूरचा विद्यार्थी ते कदाचित वहीत उतरवून घेईल. दोघांपैकी कुणीही हसणार नाही.

ही कला आपल्याकडे फार जुनी आहे. सोळाव्या शतकात बल्लाळ नावाच्या पंडिताने 'भोजप्रबंध' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात अकराव्या शतकातल्या भोजराजाच्या दरबारात कालिदास आहे, बाण आहे, भवभूती आहे, माघही आहे. हे कवी वेगवेगळ्या काळात होऊन गेले आणि त्यांतला एकही भोजाच्या काळातला नव्हता. बल्लाळाने त्यांना एका बैठकीत बसवले, त्यांच्यात समस्यापूर्तीच्या स्पर्धा लावल्या, रुसवेफुगवे करवले. संस्कृत जाणणाऱ्यांनी तो ग्रंथ चवीने वाचला. कालिदास कुठला आणि भोज कुठला, हे ठाऊक असलेल्याला त्यातली मौज अधिक कळते.

तेच काम आपल्या तमाशाने केले. गण, गौळण, बतावणी आणि मग वग. बतावणीत सोंगाड्या काशीला जाऊन आल्याचे सांगतो आणि वाटेत लागलेली गावे एकाआड एक चुकीच्या क्रमाने घेतो. समोरच्या शेतकऱ्याला ती वाट पाठ असते, म्हणून फड डोक्यावर घेतला जातो. वगातला राजा कुठल्या शतकातला, हे कुणी विचारत नाही. त्याच्या दरबारात कोतवाल असतो, हवालदार असतो, आणि कारभार मात्र थेट आजचा चाललेला असतो. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने १९६५ पासून हाच घाट शहरी रंगमंचावर नेला आणि दादा कोंडक्यांचा हवालदार महाराष्ट्रभर पोचला. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा म्हणजे घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार आणि त्याच्या शेजारी तमाशाचे फड. कोणत्या राजाच्या तोंडी कोणती भाषा शोभत नाही, हे आपल्या कितीतरी पिढ्या त्या फडांपुढे बसून शिकल्या.

लेखी मराठीतही हीच रीत दिसते. आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'तली विडंबने मूळ कविता माहीत असणाऱ्यालाच पुरती कळतात. पु. ल. देशपांड्यांनी तर 'मराठी वाङ्मयाचा गाळीव इतिहास' लिहून वाङ्मयेतिहासाचा सगळा पंडिती थाट उचलला आणि त्यात आपला माल भरला. ते पुस्तक अज्ञानातून आलेले नाही. मराठी वाङ्मय ज्याच्या हाडीमांसी मुरले आहे, त्यालाच असा गाळीव इतिहास रचता येतो आणि तसे मुरलेल्या वाचकालाच त्याची खरी गोडी लागते.

आता आपल्या मातीकडे येतो. १७२४ ते १९४८, म्हणजे सव्वादोनशे वर्षांच्या आसपास, मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. या काळाने आपल्याला रझाकारांच्या जखमा दिल्या, मुक्तिसंग्राम दिला, स्वामी रामानंद तीर्थ दिले. आणि त्याबरोबर निजामाच्या असंख्य गोष्टीही दिल्या. सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आला. १९३७ च्या फेब्रुवारीत 'टाइम' साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर छापले, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. एवढा श्रीमंत आणि तेवढाच चिक्कू, ही त्याची कीर्ती. ज्याच्यापुढे तोंडातून शब्द काढण्याची सोय नव्हती, त्याच्या चिक्कूपणाच्या गोष्टी रयतेने रात्री ओसरीवर रचल्या. जुलमी सत्तेखालच्या माणसाला हसण्याइतके स्वातंत्र्य तरी लागतेच, आणि म्हणून या गोष्टींना मी मान देतो.

पण मान देणे वेगळे आणि खरे मानणे वेगळे. निजामाची रोल्स-रॉइसची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. लंडनच्या दुकानदाराने साध्या वेषातल्या राजाचा अपमान केला, तेव्हा राजाने गाड्यांचा ताफाच विकत घेतला आणि शहराचा कचरा उचलायला लावला. हीच गोष्ट अलवरच्या राजाच्या नावावर आहे, भरतपूरच्या आहे आणि पतियाळाच्याही आहे. एकच प्रसंग चार राजांच्या आयुष्यात त्याच दुकानासह घडत असेल, तर तो गावोगाव फिरणारा प्रसंग आहे. ज्या दरबारात तो पोचतो, तिथला होऊन जातो.

दुसरी गोष्ट सोन्याची. १९६५ च्या युद्धाच्या वेळी निजामाने देशाला पाच हजार किलो सोने दान दिले, असे आजही सांगितले जाते. खरे असे की त्याने त्या वर्षी सरकारच्या राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत ४२५ किलो सोने गुंतवले आणि त्या रोख्यांवर साडेसहा टक्के व्याज होते. गुंतवणुकीचे दान झाले आणि आकडा जवळजवळ बारापट झाला. अशा वेळी कागद मागावा. कागद असेल तर गोष्ट टिकते.

आणि तिसरी गोष्ट जेकब हिऱ्याची. सुमारे १८५ कॅरटचा हा हिरा उस्मान अली खानाला वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या बुटाच्या टोकात सापडला आणि तो त्याने कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवला, असा त्याचा इतिहास सांगितला जातो. ऐकताना ही सर्वांत मोठी थाप वाटते. पण हिरा खरा आहे आणि तो कागदांवर वजन म्हणून वापरला जात होता हेही खरे आहे. १९९५ साली भारत सरकारने निजामाच्या जवाहिरांबरोबर तो विकत घेतला. गोष्ट विचित्र आहे म्हणून ती खोटी ठरत नाही आणि पटण्याजोगी आहे म्हणून खरी ठरत नाही. निजामाच्या या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की इतिहासाचा हा पहिला धडा आपोआप मिळतो.

थाप जेव्हा सांधा लपवते, तेव्हा काय होते याचे उदाहरणही आपल्या उदगीरच्याच वीराच्या नशिबी आले. सदाशिवरावभाऊंनी १७६० च्या फेब्रुवारीत उदगीर-औसा परिसरात निजामाला कोंडीत धरले, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी त्याची फौज भाजून काढली आणि सुमारे ६० लाखांचा मुलूख तहात मिळवला. या यशामुळेच उत्तरेची मोहीम त्यांच्याकडे आली आणि पुढच्या वर्षी १४ जानेवारीला ते पानिपतावर पडले. पण ते गेले यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. या दुःखाच्या फटीतून एक माणूस आत शिरला आणि 'मीच भाऊ' म्हणू लागला. हा सुखनिधान नावाचा तोतया. तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, चांगली शहाणीसुरती माणसे त्याला मिळाली. १७७६ साली तो पकडला गेला आणि त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. खोट्या इतिहासासाठी इथे खऱ्या माणसांचे प्राण गेले. लोकांना भाऊसाहेब जिवंत हवे होते, आणि जे हवे असते त्याची चौकशी करायला मन धजत नाही.

सोंगाड्या आणि तोतया, दोघेही खोटे बोलतात. सोंगाड्या तुमच्या जाणतेपणावर भरवसा ठेवून बोलतो, तोतया तुमच्या अज्ञानावर. हा फरक आज आपल्या हातातल्या मोबाइलवर पुसला जातो आहे. युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवले, हा संदेश कितीतरी वर्षे फिरतो आहे. युनेस्कोने असे काहीही केलेले नाही. तो संदेश कुणी गंमत म्हणून लिहिला की फसवायला, हे आता सांगता येत नाही, कारण सांगणाऱ्याचा चेहरा त्याच्याबरोबर येत नाही. पारावरच्या थापेबरोबर डोळे मिचकावणारा माणूस बसलेला असे. ती खूण गळून पडली की ऐकणाऱ्याजवळ फक्त त्याचे स्वतःचे ज्ञान उरते.

आणि इथेच मला आपल्या भागाची काळजी वाटते. लातूरची मुले परीक्षांत चमकतात, नांदेडला त्यांच्यासाठी विद्यापीठ आहे, पण आपल्या पायाखाली काय आहे हे त्यांना कोण सांगते? राष्ट्रकूट सम्राट आपल्या बिरुदात 'लट्टलूर' या नगराचे नाव लावत आणि ते नगर म्हणजे लातूर, असे अभ्यासक मानतात. याच घराण्यातला अमोघवर्ष राज्य करीत असताना, ८५१ च्या सुमारास, सुलेमान या अरब व्यापाऱ्याच्या नावावर असलेल्या वृत्तांतात जगातले चार थोर राजे सांगितले आहेत: बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि चौथा 'बल्हारा', म्हणजे राष्ट्रकूट राजा. कंधारला राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र हा तलाव आहे आणि शेजारी मानसपुरीला एका महाकाय मूर्तीच्या पायांचे अवशेष. हे मी एखाद्या शाळेत सांगितले, तर मुले म्हणतील, सर फेकायलेत. खरी गोष्ट थाप वाटावी आणि थाप खरी वाटावी, ही अवस्था बदलायला हवी.

त्या अवस्थेतून बाहेर पडण्याचा मार्ग याच गावात राहिलेल्या एका शिक्षकाने दाखवला आहे. नरहर कुरुंदकर इथल्या पीपल्स कॉलेजात शिकवत. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची पत्ररूप प्रस्तावना आहे. कादंबरीकाराच्या कल्पनेचा मान राखून त्यांनी शिवाजी महाराजांच्या चरित्रातले पुरावे आणि दंतकथा किती बारकाईने तपासल्या, ते प्रत्येकाने एकदा वाचावे. थोर पुरुषावर अपार प्रेम करावे आणि त्याच्या नावावरची प्रत्येक गोष्ट तपासूनही घ्यावी, या दोन गोष्टी एका मनात सुखाने नांदू शकतात, हे त्या पानांतून कळते.

माझी लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतल्या शिक्षकांना एक विनंती आहे. दर वर्षी एक स्पर्धा घ्या. प्रत्येक मुलाने आपल्या गावाबद्दल पाच वाक्ये लिहावीत, चार खरी आणि एक लोणकढी. वर्गाने ती ओळखायची. थाप चांगली जमण्यासाठी मुलाला कंधारचा किल्ला हिंडावा लागेल, होट्टलच्या मंदिरातली शिल्पे पाहावी लागतील, खरोशाच्या लेण्यांत उतरावे लागेल, औशाचा आणि उदगीरचा तट हाताने चाचपावा लागेल. चार खरी वाक्ये कुठून घेतली, ते त्याने खाली लिहावे. पाचव्या वाक्याला दोन अटी असाव्यात: कुणाच्या जातीधर्माला किंवा अब्रूला त्यातून धक्का लागू नये, आणि शेवटी आपण होऊन सांगावे की हे मी रचले. अशा मुलाला पुढे आयुष्यात कुणी इतिहासाच्या नावाखाली भडकवू पाहील, तर ते सोपे जाणार नाही. थाप कशी बांधतात हे त्याने स्वतः बांधून पाहिलेले असेल.

मोठ्यांनाही एवढेच सांगतो. हसणे सोडू नका. पारावर थापा हाणा, निजामाला निलंगा राईस खाऊ घाला, तुघलकाला माळेगावला फिरवून आणा. त्या थापेच्या आधी एक खरी गोष्ट शोधून ठेवा, तिचा कागद पाहा आणि घरातल्या मुलाला तीच पहिल्यांदा सांगा. ती त्याच्या मनात पक्की बसली की लोणकढी कुठली, हे तोच तुम्हांला हसत हसत सांगेल.