डिस्क झिजली पाहिजे

हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडिंग व्हील घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बहुधा दोनच गोष्टी सांगतं. ‘चार इंची द्या’ आणि ‘टिकाऊ द्या, लगेच संपायला नको.’ पहिली मागणी अर्धवट आहे. दुसरी ऐकायला व्यवहारी वाटते, पण आजच्या विषयातली निम्मी गडबड तिथूनच सुरू होते. वेल्डिंग घासायची डिस्क झिजण्यासाठीच बनवलेली असते. वापरूनही ती झिजत नसेल, तर ती लोखंड कापत नसते. नुसतं तापवत असते.

ग्राइंडरखाली जमलेल्या काळ्या भुकटीवर लोहचुंबक फिरवावा आणि त्याला जे चिकटेल ते भिंगाखाली धरावं. लेथवरून निघतो तसाच वळलेला, पण केसाहून बारीक कीस दिसतो. मधूनमधून गोल मणीही दिसतात. हा कीस सुटतानाच इतका तापलेला असतो की हवेत आल्यावर पेटतो. ठिणगी म्हणतात ती हीच. काहींचा वितळून गोळा होतो, ते हे मणी. म्हणजे डिस्क लोखंड घासून पुसत नाही, ती हजारो बारीक धारांनी ते तासते. प्रत्येक धार म्हणजे एक कठीण दाणा. सगळे दाणे राळेत, म्हणजे फिनॉलिक रेझिनमध्ये बसवलेले असतात आणि आत काचेच्या धाग्यांची जाळी असते. काम करता करता दाणा बोथट होतो, त्यावरचा दाब वाढतो आणि एका क्षणी राळ त्याला सोडून देते. त्याच्यामागचा ताजा दाणा पुढे येतो. डिस्कला धार लावावी लागत नाही ती याच कारणाने. राळेने बोथट दाणा घट्ट धरून ठेवला तर डिस्कचा चेहरा काचेसारखा चकचकीत होतो, ठिणग्या विरळ पडतात, आवाज किंचाळल्यासारखा येतो आणि पत्र्यावर निळे डाग उठतात. कारागीर मग मशीनवर अंगाचा भार टाकतो. मोटर तापते, मनगट दुखतं, वेल्डचा फुगवटा मात्र जागचा हलत नाही.

दाणा किती घट्ट धरायचा हे डिस्कवर छापलेलं असतं, फक्त ते कुणी वाचत नाही. गोल कागदावर ‘ए 24 आर बीएफ’ अशा धर्तीचा संकेत असतो. ‘ए’ म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दाणा. 24 हा दाण्याचा जाडपणा. चाळणीला एका इंचात किती भोकं आहेत त्यावरून हा आकडा येतो, म्हणून आकडा लहान तितका दाणा मोठा. ‘आर’ ही राळेची पकड. इंग्रजी वर्णमालेत अक्षर जितकं पुढचं तितकी पकड घट्ट. ‘बीएफ’ म्हणजे राळ आणि आत जाळी. पकड निवडायचा नियम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो: धातू कठीण असेल तर पकड सैल हवी आणि धातू मऊ असेल तर घट्ट. कठीण धातूवर दाणा लवकर बोथटतो, त्याला लवकर जाऊ दिलं पाहिजे. साध्या एमएसवर, म्हणजे माइल्ड स्टीलवर, दाणा बराच वेळ धार टिकवतो, तिथे सैल पकडीची डिस्क उगाच संपते.

हे दाणे निसर्गातून खणून काढलेले नाहीत, भट्टीतून आले आहेत. 1891 साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन कृत्रिम हिरे करायच्या खटपटीत होते. विजेच्या भट्टीत त्यांच्या हाती आलं ते सिलिकॉन कार्बाइड, आणि त्याला त्यांनी कार्बोरंडम हे नाव दिलं. सिलिकॉन कार्बाइड अत्यंत कठीण, तरी पोलादावर त्याचं जमत नाही. घासताना जी उष्णता होते त्या उष्णतेत त्यातला कार्बन लोखंडात मुरतो आणि दाणा भराभर झिजतो. ही झीज वेगळी, तिच्यातून काम निघत नाही. म्हणून काळ्या-हिरव्या सिलिकॉन कार्बाइडची डिस्क दगड, फरशी, ओतीव लोखंड यांच्यासाठी. पोलादाच्या वेल्डसाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड, जे 1897 पासून बॉक्साइट वितळवून करता येऊ लागलं. पुढे झिर्कोनिया मिसळलेला दाणा आला आणि 1980 च्या दशकात सिरॅमिक दाणा. या दोघांची खुबी अशी की बोथट झाल्यावर अख्खा दाणा गळून पडत नाही. त्याचा बारीकसा टवका उडतो आणि त्याच दाण्याला नवी धार येते.

महाराष्ट्राचा या धंद्याशी जुना संबंध आहे. उरणजवळच्या मोरा इथे 1941 साली ग्राइंडिंग व्हीलचा कारखाना सुरू झाला. त्यातूनच पुढे ग्राइंडवेल नॉर्टन ही कंपनी उभी राहिली. हातात धरायचं वेगवान अँगल ग्राइंडर मात्र त्यानंतरचं, जर्मनीतल्या फ्लेक्स कंपनीने 1954 मध्ये आणलेलं.

आता दुकानाच्या काउंटरवर परत येऊ. वेल्ड घासायला तिथे तीन प्रकार मिळतात: सहा मिलीमीटर जाडीचं, मध्ये खोलगट असलेलं ग्राइंडिंग व्हील, कापडी पट्ट्या एकावर एक चिकटवलेली फ्लॅप डिस्क, आणि रबरी पॅडवर लावायची फायबर डिस्क. चौथं, पातळ कटिंग व्हील, वेल्ड घासायला नसतंच. त्याबद्दल पुढे बोलायचं आहेच.

जाड प्लेटवरचा भरघोस फुगवटा उतरवायचा असेल तर ग्राइंडिंग व्हीलला तोड नाही. 24 किंवा 36 नंबरचा दाणा, पृष्ठभागाशी साधारण 20 ते 30 अंशांचा कोन आणि हात सतत हलता. एका जागी थांबलं की खड्डा पडलाच. प्लेट जाड असेल तर खड्डा खपून जातो. पण गेट-ग्रिलच्या कामात जो चौकोनी पाइप वापरतात, त्याची भिंत अनेकदा दोनच मिलीमीटरची असते. तिथे व्हीलने अर्ध्या मिलीमीटरचा ओरखडा काढला तर पाव भिंत गेली. वर रंग बसतो, दिसत काही नाही; पावसाळ्यात पाणी आधी तिथूनच खायला लागतं. अशा पाइपवर 40 नंबरची फ्लॅप डिस्क 10-15 अंशांनी टेकवावी. ती सावकाश कापते, चुकीला माफ करते आणि झिजेल तसतशा नव्या पट्ट्या उघड्या पडतात. मग 60 आणि रंगाआधी 80. चाळीसवरून थेट एकशेवीसवर उडी मारली की चाळीसचे चरे तसेच राहतात आणि महागडी बारीक डिस्क ते काढण्यात खर्ची पडते.

स्वस्त की महाग, हा वाद वजनकाट्यावर सोडवावा. एकाच लोखंडाचे दोन तुकडे वजन करून घ्यावेत, दोन कंपन्यांच्या डिस्क एकेका तुकड्यावर पाच-पाच मिनिटं चालवाव्यात, तुकडे पुन्हा तोलावेत. डिस्क किती उरली हा हिशोब दुसरा. लोखंड किती उतरलं हा पहिला. मजुरी, वीज आणि हाताची दमछाक मिनिटांवर मोजली जाते, डिस्कच्या नगावर नाही. जी डिस्क आठवडाभर पुरली म्हणून कौतुक झालं, तिने आठवडाभर मालकाचे पैसे खाल्लेले असू शकतात.

पण त्याही आधी विचारायचा प्रश्न असा की हा वेल्ड घासायचा तरी कशाला? आपल्याकडे गुळगुळीत म्हणजे पक्कं अशी समजूत फार घट्ट आहे. दोन प्लेटा काटकोनात जोडणारा फिलेट वेल्ड घ्या. त्याची बाजू सहा मिलीमीटर असेल तर खरं बळ ज्या जाडीत असतं, ती वेल्डरांच्या भाषेत ‘थ्रोट’, सव्वाचार मिलीमीटरच्या आसपास भरते. सुबक दिसावा म्हणून त्यातला एक मिलीमीटर घासून टाकला की सुमारे पाव ताकद ग्राइंडरच्या भुकटीत गेली. भोकाळलेला वेल्ड घासून लपतो, भरत नाही. उलट घासताना धातूची पातळ साय भेगेवर पसरते आणि लाल रंग लावून केलेल्या डीपी टेस्टमध्येही ती भेग दडून राहू शकते. महत्त्वाच्या कामात म्हणूनच चाचणीपूर्वी ती साय आम्लाने काढतात.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती खरी कारागिरीची. पूल, क्रेन, गाड्यांच्या चॅसी यांच्यावर भार येतो-जातो, येतो-जातो. अशा जोडाला तडा बहुधा वेल्डच्या मध्यात जात नाही. वेल्ड जिथे प्लेटला मिळतो त्या कडेला, ‘टो’वर जातो. तिथला कोपरा आणि बारीक अंडरकट, म्हणजे कडेला प्लेटमध्ये पडलेली खाच, हेच तड्याचं माहेरघर. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशीनुसार ही कड मोजून घासली तर जोडाचं आयुष्य वाढतं. दिसणाऱ्या अंडरकटच्या खाली किमान अर्धा मिलीमीटर जायचं, फार खोल नाही. डिस्कपेक्षा यासाठी गोल टोकाचा कार्बाइड बर बरा, कारण डिस्क हातातून सटकली की आडवा चरा पाडते, आणि भाराच्या दिशेला आडवा असलेला चरा म्हणजे तड्याला आयतं आमंत्रण. शेवटचे चरे भाराच्या दिशेनेच पडले पाहिजेत. एकच मशीन, हात कुठल्या दिशेने फिरला एवढाच फरक, आणि जोड बळकट किंवा दुबळा.

स्टेनलेस स्टीलचं प्रकरण सोवळ्याचं आहे. एमएसवर वापरलेली डिस्क एसएसच्या रेलिंगवर लावली की लोखंडाचे कण त्या चकाकीत रुततात. काम झाल्या दिवशी रेलिंग लखलखीत असतं. मालवणसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या गावात काही दिवसांतच त्यावर चहा सांडल्यासारखे तांबूस डाग दिसू लागतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, पाइपच खोटा दिला. पाइप खरा असतो, डिस्क उष्टी असते. एसएससाठी वेगळी डिस्क ठेवावी. तिच्यावर ‘आयनॉक्स’ किंवा लोह-गंधक-क्लोरीन विरहित असा शिक्का असतो. दाबही हलका हवा. एसएस उष्णता लवकर वाहून नेत नाही, निळं पडतं, आणि त्या निळ्या थराखाली गंजापासून वाचवणारं क्रोमियम कमी झालेलं असतं. तो निळेपणा पिकलिंग पेस्टने किंवा बारीक डिस्कने काढल्याशिवाय काम पुरं झालं असं म्हणू नये. ॲल्युमिनियम तर मऊ, ते दाण्यांच्या फटीत जाऊन बसतं आणि डिस्क बुजवतं. त्याला त्याच्यासाठीच केलेली मोकळ्या दाण्याची डिस्क लागते. त्याची भुकटी लोखंडाच्या भुकटीत मिसळून कोपऱ्यात साठू देऊ नये, कारण ठिणगी पडली तर ती फार जोराने पेटते.

आता ते पातळ कटिंग व्हील. बोथट दाणा सुटावा म्हणून जी राळ मुद्दाम मर्यादित पकडीची ठेवलेली असते, तीच डिस्कचं अंग सांभाळत असते. एक-दीड मिलीमीटरच्या कटिंग व्हीलमध्ये कडेवरून येणारा दाब सोसायची ताकद असते, बाजूने येणारा नाही. तरी ‘जाता जाता’ तिच्या चपट्या बाजूने वेल्ड घासणारे हात प्रत्येक वर्कशॉपमध्ये सापडतात. ती तडकते तेव्हा तुकडे कुठल्या वेगाने जातात याचा हिशोब सोपा आहे. शंभर मिलीमीटरची डिस्क मिनिटाला 11,000 फेरे घेत असेल तर तिच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरहून थोडा जास्तच भरतो. आणि तुकडे चेहऱ्याच्या उंचीवर उडतात, कारण चेहरा तिथेच वाकलेला असतो. चष्मा आणि त्यावर फेसशील्ड, हातात घट्ट बसणारे मोजे, गळ्यात मफलर नाही, पायात स्लीपर नाही. यादी सगळ्यांना पाठ असते, म्हणून इथे लांबवत नाही.

गार्डचा प्रश्न मात्र पाठांतराचा नाही. गार्ड काढला जातो तो बहुधा मोठी डिस्क बसवण्यासाठी. सामान्य जाळीदार डिस्क सेकंदाला 80 मीटर कडवेगापर्यंत चालवायची असते. तिच्यावरची लाल पट्टी तेच सांगते. हा वेग शंभर मिलीमीटरच्या डिस्कला सुमारे 15,300 फेऱ्यांवर येतो, 180 मिलीमीटरच्या डिस्कला 8,500 च्या आसपास. आता सात इंची डिस्क चार इंची मशीनवर चढवली तर 11,000 फेऱ्यांना कडवेग शंभर मीटरच्या पुढे जातो. डिस्क फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो मर्यादेपेक्षा जवळजवळ पावणेदोन पट होतो. आणि नेमक्या त्याच वेळी गार्ड बाकाखाली पडलेला असतो.

राळेला दमटपणाही सोसत नाही. म्हणून डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं; बनवल्यापासून साधारण तीन वर्षं. मागच्या पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेला गठ्ठा तारीख शिल्लक असली तरी वापरायचा की नाही, याचा विचार करावा. पडलेली डिस्क सरळ मोडीत. नवी डिस्क बसवली की माणसांपासून दूर, गार्ड लावून, मिनिटभर मोकळी फिरवावी. सदोष डिस्क बऱ्याचदा तेवढ्यातच बोलते.

2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 30 होतं. ग्राइंडिंग चालतं त्या प्रत्येक कारखान्यात मशीनजवळ कायमची पाटी हवी आणि तिच्यावर चाकाचा जास्तीत जास्त सुरक्षित कडवेग लिहिलेला हवा, असं ते सांगायचं. हातातल्या ग्राइंडरपुरती ही पाटी दोन तुकड्यांत वाटलेली आहे: फेऱ्यांचा एक आकडा डिस्कच्या कागदावर, दुसरा मशीनच्या पत्रीवर, आणि डिस्कवरचा आकडा मशीनच्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा असला पाहिजे. वर्षभर राबलेल्या मशीनची पत्री पुसून गेलेली असते. ऑइल पेंटच्या मार्करने तो आकडा मशीनच्या अंगावर पुन्हा लिहायला अर्धं मिनिट लागतं.