आधी आपल्या दारापासून
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘नेतृत्व आणि समाजसुधारणा’ या विषयावर मी दोन शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली आहे. पुढारी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हार, माईक आणि मोटारगाडी उभी राहते. परंतु मला ज्या पुढाऱ्याविषयी सांगावयाचे आहे, त्याच्याजवळ एक खराटा, अंगावर चिंध्या आणि हातात मातीचे गाडगे एवढेच होते. ते होते आपल्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा.

बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, घराणे परिटाचे. वडील दारूपायी गेले. शाळा त्यांना लाभली नाही. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचे जेवण द्यावे लागणार होते. डेबूजींनी तो रिवाज मोडून गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुसले, नावे ठेवू लागले. मित्रहो, ही घटना मला फार मोलाची वाटते. व्यसन आणि कर्ज यांविरुद्ध बाबांनी पुढे गावोगाव कीर्तने केली; पण त्या कीर्तनांच्या कितीतरी आधी त्यांनी ती गोष्ट स्वतःच्या अंगणात करून दाखविली होती, आणि तिची किंमतही स्वतः मोजली होती.

1905 साली त्यांनी घर सोडले. त्यांची रीत अशी की, गावात गेल्याबरोबर आधी रस्ते झाडावयाचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करावयाचे. कीर्तनातही ते उपदेशाचा भडिमार करीत नसत. आपल्या वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारावयाचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घ्यावयाचे. त्यांचे सांगणेही आटोपशीर होते : सणावाराला कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, आणि घरातील भांडी मोडावी लागली तरी मुलांना शिकवा. त्यांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा बांधविल्या. स्वतःसाठी मात्र एक घर बांधले नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ त्यांचे देहावसान झाले. ज्यांनी शाळा पाहिली नाही, त्यांचेच नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे.

कोणी म्हणेल, ही तर संतांची गोष्ट झाली. आपण पडलो प्रापंचिक माणसे. तर मग प्रपंचातले उदाहरण घ्या. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी हे मुंबईतील नामांकित बॅरिस्टर. 1874 साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक. 1887 च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. मुस्लिम मुलींनी शिकावे, असे ते सांगत. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. टीका होणार हे ठाऊक असताना त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले, पुढे इंग्लंडलाही शिकावयास पाठविले. एक परीट, एक बॅरिस्टर. परंतु दोघांचा कायदा एकच. जे लोकांना सांगावयाचे, त्याची पहिली झळ आपण सोसावयाची.

आता आपल्या वस्तीकडे वळू या. सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने मुलांना दिला आहे. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. ‘दहावी झाली, आता पुरे,’ असे म्हणून मुलीचे दप्तर फळीवर ठेवले जाते. मुलगा असेल तर संत्र्याच्या हंगामात पेट्या भरावयास जातो आणि पुन्हा वर्गात दिसत नाही. बाप म्हणतो, पैसा नाही. त्याचे म्हणणे खोटे नसते. परंतु त्याच घरात लग्न निघाले की मंडप, दावत आणि जहेज यांसाठी उसनवारी होते. निकाहला हा थाट लागत नाही. तो लागतो चार लोक काय म्हणतील या भीतीला. ज्या दिवशी फीसाठी उसने काढणे मानाचे आणि दावतीसाठी काढणे कमीपणाचे वाटेल, त्या दिवशी अर्धी लढाई जिंकली असे समजा.

हे घडवावयाचे कसे? नुसत्या ठरावांनी नव्हे. मोहल्ल्या-मोहल्ल्यात कोणत्या मुलामुलींनी शाळा सोडली याची यादी करावी. त्या घरी भाषण देणारा पाठवू नये. ज्या आईची मुलगी शिकते आहे, तिने त्या दुसऱ्या आईकडे जाऊन बसावे. कॉलेज दूर म्हणून अडले असेल, तर चार मुलींना बरोबर पाठविण्याची सोय पाहावी. वर्गणी गोळा केली तर पै-पैचा हिशेब फळ्यावर लिहावा. आणि पहिले साधे लग्न गरिबाच्या घरून मागू नये. ते या व्यासपीठावर बसलेल्या आम्हा मंडळींच्या घरून व्हावे. नाहीतर लोक टाळ्या वाजवितील आणि घरी जाऊन पूर्वीचेच करतील.

धीर मात्र धरावा लागेल. हे वरूडच्या माणसाला मी काय सांगावे! जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला म्हणजे लगेच फळ हाती येत नाही. चार-पाच वर्षे बाग राखावी लागते, पाणी द्यावे लागते. मुलगी आठवीतून बारावीपर्यंत जावयास तेवढाच काळ लागतो. झाडासाठी आपण थांबतो. लेकरासाठी का थांबू नये?

विद्यार्थी मित्रहो, पुढारी होण्यासाठी तुम्ही मोठे होण्याची वाट पाहू नका. तुमच्या बाकावरचा जो मित्र चार दिवस आला नाही, त्याच्या घरी आज संध्याकाळी जा. का आला नाही ते विचारा, आपली वही त्याला द्या आणि गुरुजींच्या कानावर घाला. नेतृत्वाचा पहिला धडा एवढाच आहे.