दहा काउंट्यांचा उमेदवार

1937 सालची गोष्ट. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात संसदेच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक लागली. मतदारसंघ दहा काउंट्यांचा. ऑस्टिन हे त्यातलं मोठं शहर, बाकी बहुतेक शेतं, कुरणं आणि लहान गावं. अठ्ठावीस वर्षांचे लिंडन जॉन्सन उभे राहिले. ते ब्लँको या विरळ वस्तीच्या काउंटीतले, त्यामुळे इतरत्र त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं.

मग ते मोटार घेऊन निघाले. गावातल्या सभा तर सगळेच उमेदवार घेत. जॉन्सन मात्र आडवाटेच्या शेतांपर्यंत गेले, कुंपणापाशी थांबून शेतकऱ्यांशी बोलले. मतदानाच्या दोन दिवस आधी अपेंडिक्सच्या दुखण्यानं त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. 10 एप्रिलला ते निवडून आले, ती बातमी त्यांना खाटेवरच कळली.

या भटकंतीचं मोल मला पुढच्या कामात दिसतं. तिथल्या डोंगराळ भागात वीज नव्हती. बायका विहिरीचं पाणी हातानं शेंदत, कपडे चुलीवर उकळून धूत. मैलामागे किमान तीन ग्राहक हवेत, हा सरकारी नियम आड येत होता, कारण घरं फार दूरदूर होती. जॉन्सन यांनी थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे धाव घेतली. 1938 मध्ये पेडर्नालिस वीज सहकारी संस्थेला कर्ज मंजूर झालं आणि पुढच्या वर्षी त्या वस्त्यांमध्ये दिवे लागले.