मला गती नाही



मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एक बाई माझ्यापाशी आल्या. दिवसभर सातपाटीची मासळी विकायची आणि संध्याकाळी येथे पालघरच्या वर्गात पुस्तक उघडून बसायचे, असा त्यांचा रोजचा क्रम. म्हणाल्या, "गुरुजी, उद्यापासून मी येत नाय. बाजूची पोर भराभरा वाचते. माझं बोट एकाच अक्षरावर अडतं. मला ह्यात गती नाय."

मी त्यांना एवढेच म्हटले, "बाई, आठ दिवस थांबा. मग ठरवा." आज त्या आल्या आहेत. म्हणून आज धडा बाजूला ठेवतो आणि त्यांच्या त्या एका शब्दावर बोलतो. शब्द आहे 'गती'.

हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो पाहा. आगगाडीला गती असते. मुलाला गणितात गती असते. माणूस गेला की त्याला सद्गती मिळो म्हणतो. घराची दैना झाली की 'काय ही गत!' म्हणतो. पुढे गेलो तर प्रगती, खाली गेलो तर अधोगती. ज्याला कुठलाच मार्ग उरला नाही तो अगतिक. या सगळ्या शब्दांचे मूळ एकच. 'गम्' म्हणजे जाणे.

आता शास्त्र गतीबद्दल काय सांगते ते ऐका. तुमच्यापैकी काही जण बोईसरच्या कारखान्यांत पाळीला जातात. स्टेशनात तुमची गाडी उभी असते. शेजारच्या रुळावर दुसरी गाडी असते. ती हलली की तुम्हांला वाटते, आपलीच सुटली! होते की नाही असे? मग तुम्ही काय करता? दुसऱ्या बाजूला फलाटावरच्या खांबाकडे पाहता. खांब जागेवर आहे, म्हणजे आपली गाडी उभीच आहे. गती नेहमी कशाच्या तरी तुलनेने ओळखायची असते. चुकीच्या वस्तूकडे पाहिले तर फसगत होते.

आर्यभटाने आपला ग्रंथ इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहिला. त्यात त्याने होडीचा दाखला दिला आहे. होडी पुढे जाते तेव्हा होडीतल्या माणसाला काठावरची झाडे मागे जाताना दिसतात. तसेच तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात, पण फिरते ती पृथ्वी. ही पृथ्वी पालघरला आणि आपल्या या वर्गाला घेऊन ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरत आहे. शिवाय सूर्याभोवती ती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते. म्हणजे एका सेकंदात जवळजवळ पालघरहून डहाणू! तरी तुमच्या तांब्यातले पाणी हिंदकळत नाही. कारण तांब्या, पाणी, आपण, सारे बरोबरच चाललो आहोत. तेव्हा जाणवत नाही म्हणजे गती नाही, असे समजू नका.

आपल्या जवळच तारापूर आहे. तेथे १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. तेथे युरेनियमचे अणू फुटतात. फुटलेले तुकडे आजूबाजूच्या कणांवर आदळतात आणि त्या कणांची धावपळ वाढते. कणांची ही धावपळ म्हणजेच उष्णता. तिने पाण्याची वाफ होते. वाफ मोठे चक्र फिरवते आणि त्या चक्राला जोडलेल्या यंत्रातून वीज निघते. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या हालचालीवर एवढा कारखाना चालतो.

कलेतही गती आहे. आपल्या वारली पाड्यांवर तारपा वाजू लागला की नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून साखळी करतात. साखळी वळली की आतल्या टोकाचा माणूस लहान पावले टाकतो आणि बाहेरच्या टोकाच्या माणसाला लांब ढांगा टाकाव्या लागतात. पण नाच दोघांचा एकच. आतल्याला कोणी 'तू मंद आहेस' म्हणत नाही. हाच नाच तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढतात. दोन त्रिकोणांचे अंग, काडीसारखे हातपाय. चित्र हलत नाही, पण नाच फिरताना दिसतो. ही कला जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

माणसे मिळून हलली की तिला आपण चळवळ म्हणतो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी याच पालघरात स्वातंत्र्यासाठी लोक मोर्चाने निघाले. गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. हुतात्मा चौकातून आपण रोज जातो, तेव्हा ही आठवण ठेवावी.

आता माझी एक चूक सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी एका शाळेत माझ्या वर्गात मच्छीमाराचा एक मुलगा होता. मी जुन्या वळणाचा. मुलांकडून पाऊणकी घोकून घेत असे. त्याला ती येईना. एके दिवशी सगळ्यांसमोर मी त्याच्या वडिलांना म्हणालो, "याला गणितात गती नाही. होडीवर न्या." त्यांनी नेले. मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी तो मला बंदरावर भेटला. त्याने मला ओळखले, बसायला जागा दिली. मी सहज विचारले, "भरती केव्हा आहे रे?" तो म्हणाला, "आज पंचमी, गुरुजी. पावणेचारला भरेल." मी थक्क झालो. किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा आहे, की तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ अदमासे निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरतीही रोज पाऊण तासाहून थोडी उशिराच येते. पाच पाऊण म्हणजे पावणेचार. ज्या पाऊणकीवरून मी त्याला शाळेबाहेर काढले, तीच पाऊणकी तो रोज समुद्रावर वापरत होता. गती त्याच्यात होती. मला ती दिसली नाही. मी शेजारच्या गाडीकडे पाहत होतो, खांबाकडे पाहिले नाही. 'तुला गती नाही' हे वाक्य मी त्यानंतर कोणालाही म्हटलेले नाही.

मग आपला खांब कोणता? दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो वाढत असताना रोज थोडे थोडे चित्रण केले. सगळी चित्रे एकापुढे एक दाखवल्यावर कोंब भराभर वर येताना लोकांनी पाहिला. कुंडीसमोर दिवसभर बसून राहिले असते, तर काहीच हलताना दिसले नसते. पहिले चित्र राखून ठेवले होते, म्हणून वाढ दिसली.

बाई, तुमची वही द्या पाहू. हे पहिले पान. येथे तुम्ही 'क' काढला आहे, तो आडवा पडला आहे. आणि हे कालचे पान. येथे तुम्ही आपले पूर्ण नाव लिहिले आहे, मासळीचे भावही लिहिले आहेत. 'पापलेट'मधला 'ले' चुकला आहे, तो आज नीट करू.

आता सर्वांनी आपापल्या वहीचे पहिले पान उघडा.