लोणारचं पाणी, दूरचा संगणक

जून 2020 मध्ये आपल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. लँडसॅट 8 उपग्रहाने 25 मे आणि 10 जूनला टिपलेली सरोवराची चित्रं नासाने शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. लँडसॅट उपग्रह 1972 पासून पृथ्वीची चित्रं टिपत आहेत. एवढा साठा आपल्या फोनमध्ये कसा मावणार?

मावायची गरजच नाही. माहिती जिथे आहे तिथेच राहते. तिथले शक्तिशाली संगणक तिचे तुकडे पाडतात. खळ्यावर सगळं घर एकदम राबावं, तसे अनेक प्रोसेसर एकाच वेळी आपापला तुकडा रंगवतात. तुकडे जुळले, की तयार चित्र तेवढं आपल्याकडे येतं. तुम्ही बोटाने ते चित्र सरकवलं, की इथून जातो तो फक्त हुकूम. म्हणूनच साध्या फोनवरही हे जमतं.

असं समांतर काम करणारा परम 8000 हा महासंगणक पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 1991 मध्ये घडवला. त्याचे शिल्पकार डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातले, आपल्याच वऱ्हाडचे!

लोणारच्या गुलाबी रंगाचं कारण मात्र पाण्याचे नमुने तपासल्यावरच उलगडलं. खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यात सापडले.